प्रारब्ध, भय आणि लस



वारकरी बंधुभगिनींनो, गेल्या चातुर्मासात एका गावी आमचे कीर्तन झाले. विषय प्रारब्धाचा होता. संचिताचा साठा, कर्माची गती, भोगल्यावाचून न फिटणारे देणे, हे सर्व नेहमीच्या रीतीने आम्ही बोललो. मंडळींनी माना डोलावल्या. आरती झाली, बुक्का लागला, लोक पांगले. आम्ही उपरण्याची घडी करीत उभे होतो, तोच एक बाई पुढे आल्या, पाया पडल्या आणि तिथेच खाली बसल्या. आम्ही त्यांना ओळखले. आमच्या दिंडीचे जुने विणेकरी बुवा, त्यांची ही धाकटी लेक. बुवा २०२१ च्या वैशाखात करोनाने गेले.

बाई म्हणाल्या, "महाराज, एक विचारू का? बाबांनी लस घेतली नव्हती. ते गेले, ते त्यांचं प्रारब्धच होतं ना?"

नुकतेच दीड तास आम्ही हाच विषय सांगून बसलो होतो. ‘होय’ एवढे म्हटले असते तर बाईंचे समाधान झाले असते आणि आमचेही जेवण वेळेवर झाले असते. पण ते अक्षर तोंडातून बाहेर येईना. कारण बाईंना जे ठाऊक नव्हते, ते आम्हाला ठाऊक होते.

त्या सालच्या फाल्गुनात, बीजेच्या आसपास, बुवांचा आम्हाला फोन आला होता. सरकारने १ मार्चपासून साठीच्या वरच्यांना लस द्यायला सुरुवात केली होती. बुवा म्हणाले, "म्हाराज, पोरं म्हणत्यात घ्या. गावात कोन म्हणतंय नगा घेऊ. लशीत जनावराचं कायतरी असतंय म्हणं. माळ हाय गळ्यात. तुमी काय म्हणता?" आम्ही म्हटले, "बुवा, तुमच्या मनाला पटेल तसं करा. शेवटी राखणारा तो विटेवरचा आहे."

वाक्य किती गोड! त्यात चूक काढायला कुठे जागा नाही. पण माणूस वाट विचारायला येतो, तेव्हा त्याला गोड वाक्य नको असते. बुवांनी त्या वाक्याचा अर्थ ‘नको’ असा केला. दुसरा कोणता करणार होते?

म्हणून हा लेख. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, तर आधी बुवांच्या मनात त्या दिवसांत काय काय होते ते नीट पाहिले पाहिजे. लस न घेणारा तो अडाणी, असे म्हणून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. आम्हाला ते मान्य नाही. बुवांना निम्मी ज्ञानेश्वरी मुखोद्गत होती. हिशेबाला ते इतके पक्के की दिंडीचा पैसा न् पैसा त्यांच्याकडे असे. अशा माणसाचे पाऊल अडखळते, तेव्हा वाटेत काहीतरी पडलेले असते.

पहिली गोष्ट माळेची. आमच्यासारख्या माळकऱ्यांना ही शंका येणारच, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. देवीच्या रोगावर पहिली लस निघाली ती गाईच्या आचळावरच्या फोडांतून. इंग्लंडात जेन्नर नावाच्या वैद्याने १७९६ साली तो प्रयोग केला. ‘व्हॅक्सिन’ हा शब्ददेखील गाईच्या लॅटिन नावावरूनच आलेला. आपल्या मुंबईत १८०२ साली एका तीन वर्षांच्या मुलीला ती लस प्रथम टोचली. तेव्हा एका मुलाच्या दंडावरच्या फोडातली लस काढून ती दुसऱ्याच्या दंडावर लावीत. कोणाच्या अंगचे कोणाच्या अंगात जाते, म्हणून लोक विटाळाला भ्याले. पुढे वासराच्या कातडीवर लस तयार करू लागले, तर गाईला पीडा होते म्हणून लोक रागावले. म्हणजे बुवांची शंका दोनशे वर्षांची जुनी आहे.

करोनाच्या लशीविषयी खरे काय ते सांगतो. हैदराबादेत तयार झालेल्या कोव्हॅक्सिनचे विषाणू ज्या पेशींवर वाढवीत, त्या पेशी वाढवताना नवजात वासराच्या रक्तातले सीरम वापरीत. ही गोष्ट खरी आहे. पुढे त्या पेशी धुऊन काढीत, आणि तयार लशीत ते सीरम राहत नसे. हा गवगवा २०२१ च्या जून महिन्यात झाला तेव्हा केंद्र सरकारने तसा खुलासाही केला. सीरमचा संबंधच नव्हता असे कोणी सांगत असेल, तर ते ऐकू नका. खरे झाकून पटवलेली गोष्ट उघडी पडते, आणि मग माणूस पुढच्या खऱ्यावरही विश्वास ठेवीत नाही.

मग माळकऱ्याने काय करावे? आम्ही एवढेच म्हणतो की आपला पखवाज जरा उचलून पाहा. त्याच्या दोन्ही पुड्या कशाच्या आहेत? बकऱ्याच्या कातड्याच्या. त्या ताणून धरणाऱ्या वाद्या कशाच्या? चामड्याच्याच. तो पखवाज आपण देवापुढे ठेवतो, त्याला बुक्का लावतो, आणि त्याच्या बोलावर नाचतो. सोवळ्याला रेशीम नेसतो. त्या रेशमासाठी किती किड्यांना उकळत्या पाण्यात टाकतात, हे आपण विचारीत नाही. जीव वाचवण्याच्या वेळी मात्र माळ आडवी आली! आम्ही माळेची थट्टा करीत नाही, ती आमच्याही गळ्यात आहे. पण माळ घातली ती जिभेच्या चोजासाठी जीव घेऊ नये म्हणून, दया अंगी यावी म्हणून. घरातल्या म्हातारीला आपल्याकडून रोग लागू नये म्हणून घेतलेली सुई त्या दयेच्या विरुद्ध कशी जाईल, हे आम्हाला अजून कोणी समजावून दिलेले नाही.

दुसरी गोष्ट भयाची. बुवांचे आजोबा प्लेगच्या गोष्टी सांगत असत. त्या गोष्टी बुवांनी आम्हालाही सांगितल्या होत्या. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढच्या साली पुण्यात पसरला. रँडच्या प्लेग कमिटीचे गोरे शिपाई घरात शिरत, माजघरापर्यंत जात, देवघराला शिवत, बायकामाणसांना उघड्यावर तपासत. सामान रस्त्यावर येई. माणसे छावण्यांत नेत. २२ जून १८९७ रोजी त्या रँडवर गोळी झाडली गेली, हे शाळेतली पोरेही सांगतील. पण त्या छळाने लोकांच्या मनात आणखी एक गोष्ट रुतून बसली: औषधाच्या नावाने सरकार दारात आले की दार लावून घ्यावे.

त्याच सुमारास मुंबईत हाफकिन नावाचे एक गृहस्थ प्लेगवर लस शोधीत होते. मूळचे रशियातल्या ओदेसाचे, धर्माने यहुदी. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी ती लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पटकीच्या लशीच्या वेळीही त्यांनी आधी तेच केले होते. लाखो लोकांनी पुढे ती लस घेतली. आणि १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकशे सात जणांना लस टोचली, त्यांतले एकोणीस जण धनुर्वाताने मेले. हे सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. दोष हाफकिनांवर आला, काम गेले. ती बाटली गावात उघडताना दूषित झाली असली पाहिजे, असे मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिल्यावर १९०७ साली त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला. परळच्या संस्थेला १९२५ पासून त्यांचेच नाव आहे. पण ज्या घरचे माणूस गेले, त्या घराला हा निकाल कोणी वाचून दाखवला असेल काय? तिथे एवढेच राहिले की सुई टोचली आणि माणूस मेला.

आणखी अलीकडचे घ्या. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत नसबंदीसाठी माणसे कशी धरून नेली, ते पाहिलेली पिढी अजून हयात आहे. म्हणून करोनाच्या लशीने वंश बुडतो ही आवई उठली, तेव्हा ती वाऱ्यासारखी पसरली. ती खोटी होती. पण कोरड्या गवतावर पडली म्हणून पेटली. पोलिओच्या थेंबांविषयीही अशीच आवई कित्येक गावांत उठली होती. तिथे घरोघर फिरणाऱ्या बायांनी वर्षानुवर्षे दार ठोठावले, शिव्या खाल्ल्या, परत आल्या. जानेवारी २०११ नंतर आपल्या देशात त्या रोगाच्या मूळ विषाणूचा नवा रोगी सापडला नाही, आणि २०१४ साली देश त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. ज्यांच्या तोंडावर दार आपटले, त्यांच्या पायांचे हे पुण्य आहे.

अंगाला चमचे चिकटतात, लशीतून यंत्र घालतात, असल्या गोष्टींवर आम्ही शाई खर्च करीत नाही.

पण काही अडचणी खऱ्या होत्या, त्या सांगितल्याच पाहिजेत. एका डोसानंतर दुसरा कधी, याची मुदत दोनतीन महिन्यांत दोनदा बदलली. आधी चार ते सहा आठवडे, मग सहा ते आठ, मग बारा ते सोळा. शहाणी माणसे नवी माहिती आली म्हणून बदलतात, हे खरे. पण ऐकणाऱ्याला वाटते की ह्यांनाच ठाऊक नाही. कोव्हॅक्सिनला मोठ्या चाचणीचा निकाल येण्याआधीच मंजुरी मिळाली, यावर चांगल्या जाणत्या डॉक्टरांनीही तेव्हा प्रश्न केले होते. कोविशील्डसारख्या लशीने फार थोड्या माणसांच्या रक्तात गुठळ्या झाल्या, हेही त्याच साली परदेशांत दिसून आले. एप्रिलमध्ये तर लसच संपली म्हणून आपल्याकडची कित्येक केंद्रे बंद राहिली. बुवांचा शेजारी रोजंदारी बुडवून तालुक्याला गेला आणि हात हलवीत परत आला. पुन्हा जायला त्याचे मन झाले नाही. लस घेतल्यावर एकदोन दिवस ताप येई, म्हणजे आणखी रोज बुडाला. नाव नोंदवायचे ते फोनवर, तोही सगळ्यांकडे नाही. ह्या माणसाला तुम्ही अंधश्रद्ध म्हणाल काय?

आता मुख्य गोष्ट, प्रारब्धाची. कारण बुवांच्या मनात शेवटी हीच उरली होती, आणि तिला आमच्या गोड वाक्याने पाणी घातले होते.

येथे पूर्वपक्ष असा: मरण ठरलेले आहे, ते टळत नाही, मग लस कशाला? आणि घेतली तर देवावरचा विश्वास उणा पडला असे होत नाही काय?

संतसज्जनहो, कर्माचे तीन भाग शास्त्राने केले ते उगाच नव्हेत. संचित आणि प्रारब्ध मागचे आहे. क्रियमाण आजचे आहे, आणि ते आपल्या हातात आहे. प्रारब्ध कळते ते घडून गेल्यावर. घडण्याआधी ‘माझे प्रारब्ध असे आहे’ म्हणणारा देवाची वही चोरून वाचल्याचा आव आणतो. आपण वारीला निघतो तेव्हा पडशीत काय काय असते ते आठवा. पावसासाठी कागद असतो, पोटासाठी ओव्याची पुडी असते, पायाच्या फोडांसाठी मलम असते. चंद्रभागेला पूर असला तर नामस्मरण करीत पाण्यावर पाऊल कोणी टाकीत नाही, नावेत बसतो. नावेत बसून नाम घेतो. जुने वारकरी सांगत की पूर्वी पटकीची सुई टोचून घेतल्याशिवाय यात्रेत पुढे सोडीत नसत. दंड सुजे, ताप येई, आणि तरी दिंड्या चालत राहत. तेव्हा कोणाचा विठोबा रुसल्याचे ऐकिवात नाही.

आणि २०२० साली काय झाले? सहाशे-सातशे वर्षांच्या वाटेवर त्या आषाढीला दिंड्या चालल्या नाहीत. पादुका एस. टी. बसमधून पंढरीला गेल्या, मोजकी माणसे बरोबर. २०२१ सालीही बसच. आम्ही घरी बसून रडलो. पण मानले, कारण वाटेवरच्या गावांना आपल्यापायी रोग लागू नये. वारकऱ्याने पायी वारी सोडली! याहून मोठे सोडण्यासारखे त्याच्याजवळ काय होते? एवढे देऊन झाल्यावर सुईपाशी मात्र आम्हाला प्रारब्ध आठवले.

कोणी गोरोबाकाकांची गोष्ट पुढे करतात. भजनात रंगले, पायाखाली चिखलात मूल आले, आणि देवाने ते परत दिले. ही कथा आम्ही शेकडो वेळा सांगितली आहे, आणि खरे बोलायचे तर दर वेळी त्या माउलीचा आक्रोश घाईने उरकून मूल परत येण्याकडे धावलो आहोत. गोरोबांना देहभान नव्हते, मूल दिसले नाही. चिखलात मूल आहे हे डोळ्यांना दिसत असता कोणी तसाच नाचत राहिला असता, तर त्याला आपण भक्त म्हटले असते काय? करोनात आम्हाला दिसत होते. गावोगावच्या स्मशानात जागा नव्हती, तेही दिसत होते.

पुंडलिकाकडे पाहा. देव दारात आला तरी तो उठला नाही. आईबापांचे पाय चेपायचे होते. त्याने वीट फेकली आणि म्हटले, थांब. आपला सारा संप्रदाय त्या एका ‘थांब’वर उभा आहे. घरच्या म्हाताऱ्यांची सेवा आधी, देवदर्शन मागून, आणि देवाला त्याचा राग आला नाही. उलट तो अजून उभा आहे. बुवांच्या घरी त्यांची म्हातारी होती, मुलगा-सून होती, दोन नातवंडे होती. वैशाखात घरातली पाच माणसे आजारी पडली. चार उठली.

लस घेतली असती तर बुवा वाचलेच असते, असे आम्ही म्हणत नाही. घेऊनही काही माणसे गेली. मार्चात घेतली असती तर वैशाखापर्यंत कदाचित एकच डोस झाला असता, आणि एकाने पुरते रक्षण होत नसे. पण वाचण्याची एक वाट होती, आणि त्या वाटेच्या तोंडाशी बुवा उभे राहून आम्हाला विचारीत होते.

हाफकिनांच्या गोष्टीतला एक भाग आम्ही मागे ठेवला होता. मुंबईत प्लेगच्या लशीला लोक भीत होते, तेव्हा खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान, वयाने विशीच्या आत, यांनी सर्वांसमक्ष आपला दंड पुढे केला. एकदा नव्हे, पुन्हापुन्हा. मग त्यांच्या अनुयायांनी हजारोंनी लस घेतली. व्याख्यानाने जे झाले नसते ते उघड्या दंडाने झाले.

आणि आम्ही? बुवांचा फोन आला, त्याच आठवड्यात आम्ही तालुक्याच्या गावी जाऊन लस टोचून घेतली होती. फोनवर बोलताना आमचा डावा दंड दुखत होता. तरी आम्ही ते बुवांना सांगितले नाही. का, तर ‘महाराजांचाच देवावर भरवसा नाही’ असे चार लोक म्हणतील. बुवा गेल्याचा निरोप आला, तेव्हाही कोणाला सांगितले नाही. आज येथे लिहितो आहोत.

त्या रात्री बाईंना मात्र आधी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. पदराशी चाळा करीत बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "बाबा तुमचं ऐकायचे, महाराज. आमचं कुणाचं ऐकायचे नाहीत."

यावर बोलण्यासारखे आमच्याजवळ काही नव्हते.

उठता उठता त्या पुन्हा थांबल्या. जावेचे मूल नऊ महिन्यांचे झाले होते, गोवराची लस द्यायची होती, अंगणवाडीत उद्या नर्सबाई येणार होत्या. पण सासूबाई नको म्हणतात. गोवर म्हणजे आईचं येणं, ते अंगावर येऊन जावं, टोचून अडवू नये. बाई म्हणाल्या, "तुम्ही येता का सकाळी? तुमचं ऐकतील त्या."

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला, मालेगावला, भिवंडीला गोवर पसरून मुले दगावली, त्यांतली बहुतेक लस न घेतलेली होती, हे आम्ही वर्तमानपत्रात वाचले होते. सासूबाईंपुढे ते सांगावे की काय, याचा विचार करीतच आम्ही सकाळी गेलो. त्यांनी चहा ठेवला. पाया पडल्या. आम्ही तोंड उघडले, आणि प्रारब्ध, क्रियमाण असे काही सुचण्याआधी सदऱ्याची बाही वर केली. दंडावर आमच्या लहानपणीचा देवीचा वण आहे. म्हटले, "आजी, हे पाहा. आमच्या आईनं देवी काढल्या होत्या. आणि इथंच खाली करोनाची सुई घेतली आम्ही."

आमच्या मराठीत गंमत अशी की रोग आला तरी ‘देवी आल्या’, आणि लस टोचली तरी ‘देवी काढल्या’. लोकांनी देवीला आणि सुईला एकाच वाक्यात बसवून टाकले होते, भांडण ठेवलेच नव्हते. १९७५ नंतर आपल्या देशात त्या देवी कोणाला आल्या नाहीत. १९८० साली साऱ्या जगातूनच गेल्याचे जाहीर झाले. रोग डोळ्यांआड गेला, आणि मग सुई तेवढी दिसत राहिली.

आजींनी आमच्या दंडाकडे वाकून पाहिले. चहाचे आधण उतू जाऊ लागले ते सुनेने उतरवले. मग आजींनी पदर बाजूला सारला आणि आपला दंड पुढे केला. सुरकुत्यांत दोन वाटोळे वण होते.

"माज्याबी आईनं काडल्या व्हत्या," त्या म्हणाल्या. "लई रडले व्हते मी. तिनं गूळ दिला हातावर."

धाकटी जाऊ आतून बाळाला घेऊन आली. आजी उठल्या आणि फळीवरचा गुळाचा डबा शोधू लागल्या.